आधी उजवा हात

हडर्सफील्डला, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर
मिसेस आर्मिटेज वकिलांचं ऑफिस आहे.
जिना इतका अरुंद की प्रॅम खालीच ठेवावी लागते,
बेकरीवाला लक्ष ठेवतो.
त्या म्हणतात, घाई नाही. सुरुवातीपासून सांगा.

सुरुवात म्हणजे कुठून?
पहिली कळ आली तेव्हा मी एका नवरीच्या झग्याच्या
बाह्या उसवत होते, ओठांत टाचण्या.
त्या म्हणतात, हे नाही घेतलं तरी चालेल.
मग थोडं थांबून: नको, राहू दे.

दवाखान्याच्या फाइलीत दोनशे बारा पानं.
तीन वाजून दहा मिनिटांनी डोकं.
तीन वाजून सोळाला बाळ.
मधल्या सहा मिनिटांची नोंद
दुसऱ्या दिवशीची, दुसऱ्या शाईत, फार नीट अक्षरात.

सहा मिनिटांत मी एक बाही बसवते.
खांद्याला चुण्या येऊ न देता.
खांदा अडला की कापड ओढायचं नसतं,
थोडं मागे यायचं, फिरवून घ्यायचं,
हे मला शिकवणारी बाई चौथी पास होती.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, असतं एकेकाच्या पाचवीला पुजलेलं.
पाचवीला मी खरंच कोरा कागद ठेवला होता, शेजारी पेन,
दिवा म्हणून बॅटरीवरची मेणबत्ती, कारण घराला स्मोक अलार्म.
पण सटवाई येण्याआधी पाच दिवस
कोणीतरी लिहून गेलं होतं.
आणि सटवाईबद्दल काहीही म्हणा,
तिने लिहिलेलं नंतर कधी बदललं नाही.

मंडळाच्या हळदीकुंकवात सुलभाताई हळूच म्हणाल्या,
एक पैसा न घेता बाळंतपण केलं ना त्यांनी?
खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत गं.
मी वाण घेतलं. प्लास्टिकची चाळणी होती.
वासे नाही हो मोजत, ताई.
मिनिटं मोजते आहे.

तेव्हा तुम्ही काही बोललात का? मिसेस आर्मिटेज विचारतात.
बोलले.
अकरा वर्षांचं इंग्रजी त्या खोलीतून उठून गेलं होतं,
उरलं होतं ते ओरडले. ओढू नका.
कोणाला कळलं नाही. एका शिकाऊ पोरीने हात धरला माझा,
तिचं नाव दोनशे बारा पानांत कुठेच नाही.

त्या कागद माझ्याकडे सरकवतात.
तुमच्या लिपीत लिहा, जसं म्हणालात तसं.
खाली भाषांतर येईल, शिक्क्यासकट.
मी लिहिते. ओ, ढू, न, का.
भाषांतरात ओढ येणार नाही,
जी मला नऊ महिने लागली होती, ती.

मग पुढच्या खर्चाची यादी.
व्यायाम. कदाचित ऑपरेशन. मोठेपणी वेगळ्या बनावटीची गाडी.
मी विचारते, आणि वेणी?
त्यांना कळत नाही. मी माझीच सोडून घालून दाखवते.
दोन हात लागतात, बघा.
त्या चष्मा पुसतात, आणि यादीत लिहितात: वेणी.
पुढे रकमेची जागा मोकळी.

वर्षं लागतील, असं त्या खोटा धीर न देता सांगतात.
कदाचित ते मान्य करतील. कदाचित नाही.
निमिष म्हणतो, निदान एकदा कोणी सॉरी म्हणावं.
मला सॉरी नको असं नाही. पण मला आधी
ती सहा मिनिटं हवी आहेत, त्याच रात्रीच्या शाईत.

खाली येते तर शाल्मली डाव्या मुठीत पावाचा तुकडा घेऊन
बेकरीवाल्याला हसते आहे.
उजवा हात अंगालगत, तळवा मागे वळलेला,
जणू पाठीमागून कोणी काही देणार आहे.
बाहेर वारा. मी स्वेटर काढते.
कपडे घालताना दुखरा हात आधी,
उतरवताना शेवटी, असं फिजिओने शिकवलंय.
या बाहीची शिवण मी स्वतः उसवून रुंद केली आहे.
ये गं.
आधी उजवा.
ओढत नाही मी.